ॲक्शन कॉमिक्स, अंक १ (२०११)

डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने ७ सप्टेंबर २०११ रोजी विक्रीस आणलेला सुपरमॅनचा अंक. मुखपृष्ठावर मात्र नोव्हेंबर २०११ असे छापले आहे. अमेरिकी कॉमिक्सची ही जुनीच खोड. लेखन ग्रँट मॉरिसन, पेन्सिलचित्रे रॅग्ज मोरालेस, शाई रिक ब्रायंट, रंग ब्रॅड अँडरसन. किंमत ३.९९ डॉलर.

‘ॲक्शन कॉमिक्स’ हे मासिक १९३८ पासून निघत होते आणि त्याचे ९०४ अंक झाले होते. २०११ मध्ये ‘फ्लॅशपॉइंट’ या कथामालेचा आधार घेऊन डीसीने आपले सगळे कथाविश्व पुन्हा नव्याने मांडले आणि ५२ मासिके पहिल्या अंकापासून सुरू केली. ‘न्यू ५२’ या नावाने ही मोहीम ओळखली जाते. नव्या वाचकाला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाठ नसला तरी चालावे, हा त्यामागचा उघड हेतू होता. त्या पाटी पुसण्यात सुपरमॅनचा लोइस लेनशी १९९६ मध्ये झालेला विवाहही पुसला गेला, याचे जुन्या वाचकांना वाईट वाटले.

या अंकातील कथा इतर मासिकांच्या ‘आज’च्या पाच वर्षे आधी घडते. नायक विशीतला, तापट, काहीसा उर्मट. अंगात छातीवर ‘एस’ असलेला साधा निळा टी-शर्ट, खाली गुडघ्यावर ठिगळ लावलेली जीन्स आणि कामगारी बूट. खांद्यावरचा लाल कापडाचा तुकडा तेवढा परग्रहावरचा. त्याला अजून उडता येत नाही. तो लांब उड्या मारतो. रणगाड्याचा गोळा लागला तर कळवळतो. क्लार्क केंट म्हणून तो नेहमीच्या ‘डेली प्लॅनेट’ या वृत्तपत्रात नव्हे, तर ‘डेली स्टार’मध्ये बातमीदारी करतो आणि भाड्याच्या खोलीत राहतो. घरमालकीण निक्सलीबाई या अंकात साध्यासुध्या वाटतात. त्यांचे खरे रूप मॉरिसन यांच्या अंकांच्या शेवटाकडे उलगडते.

कथेची सुरुवात मेट्रोपोलिस शहरातील बडा धनिक ग्लेन ग्लेनमॉर्गन याच्या घरी होते. सुपरमॅन त्याला उंच बाल्कनीच्या कठड्याबाहेर धरून उभा आहे, समोर पोलीस बंदुका रोखून आहेत, आणि कबुलीजबाब हवा आहे. बेकायदा स्वस्त मजूर, सुरक्षेचे नियम धाब्यावर, अधिकाऱ्यांना लाच हे सगळे ग्लेनमॉर्गन भडाभडा ओकतो, तेही सुपरमॅनने त्याच्यासकट खाली उडी मारल्यावर. पुढे माणसे आत राहत असलेली एक जुनी इमारत पाडायला काढलेली दिसते. मुंबईकर वाचकाला हे दृश्य समजावून सांगावे लागू नये. प्रत्यक्षात तो सापळा असतो: जनरल सॅम लेन यांचे लष्कर आणि त्यांना सल्ला देणारा लेक्स ल्युथर यांनी रचलेला. सुपरमॅन जखमी होऊन अडकतो तेव्हा इमारतीतले रहिवासीच त्याच्या आणि रणगाड्यांच्या मध्ये येऊन उभे राहतात. अंकातले सर्वांत चांगले पान हेच. शेवटी बातमीदार लोइस लेन आणि छायाचित्रकार जिमी ओल्सन बसलेली आगगाडी बेफाम सुटते आणि सुपरमॅन ती अंगावर घेऊन थांबवतो, पण त्या धडकेने स्वतः निपचित होतो.

नायकाला तरुण करण्याचे प्रयोग कॉमिक्समध्ये वारंवार होतात आणि बहुतेकदा केशरचनेपलीकडे जात नाहीत. मॉरिसन यांनी तरुणपण शोधले ते मूळ पुरुषातच. जेरी सीगल आणि जो शुस्टर या विशीतल्या दोघांचा सुपरमॅन जून १९३८ च्या पहिल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’मध्ये असाच होता: मंदीच्या काळातला, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला बडवणारा, राजकारण्याला विकत घेणाऱ्या दलालाला उचलून टेलिफोनच्या तारांवरून पळवत नेणारा. त्यालाही उडता येत नव्हते. ग्लेनमॉर्गनची बाल्कनी हा त्या तारांचाच नवा अवतार आहे, आणि ‘डेली स्टार’ हे नावही सीगल-शुस्टर यांच्या सुरुवातीच्या कथांतलेच. अंगात बळ कमी असल्याने प्रत्येक उडीला किंमत मोजावी लागते, म्हणून ही कथा पकड घेते. डोंगर लीलया हलवणाऱ्या सुपरमॅनबद्दल काळजी वाटणे अवघडच.

चित्रांबाबत एवढे एकमत नाही. मोरालेस यांच्या रेषेत पळापळ आणि ओढाताण छान उतरते, पण क्लार्कचा चेहरा पानागणिक बदलतो, अशी तक्रार झाली आणि ती रास्त आहे.

अंकाची पुनर्मुद्रणे निघाली. पहिले आठ अंक २०१२ मध्ये ‘सुपरमॅन अँड द मेन ऑफ स्टील’ या नावाने पुस्तकरूपात आले. मॉरिसन यांचे लेखन १८व्या अंकापर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत चालले. जीन्स मात्र त्याआधीच गेली आणि चित्रकार जिम ली यांनी आखलेला चिलखतासारखा पोशाख आला. २०१६ मध्ये, ५२ अंकांनंतर, मासिकाने पुन्हा जुना क्रमांक धरला आणि पुढचा अंक ९५७वा म्हणून छापला. त्या हिशेबाने हा पहिला अंक ९०५वा ठरतो.