नावेतील पाणी : सेकपात्र, बंब आणि पंप

नाशिकजवळील पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यात त्याच्या दानधर्माची लांबलचक यादी दिलेली आहे. गाई, सुवर्ण, गावे आणि धर्मशाळा यांच्या बरोबरीने इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर नावा ठेवून लोकांना विनामूल्य पैलतीरी पोचविण्याची सोय केल्याचा उल्लेख तीत येतो. पारादा म्हणजे पार आणि दमणा म्हणजे दमणगंगा, हे समीकरण सामान्यतः मान्य झालेले आहे. या दोन्ही नद्या नाशिक जिल्ह्याच्या सह्याद्रीतच उगम पावतात. राजवंश, कालगणना आणि नाणी यांच्या दृष्टीने या लेखाची पुष्कळ चिकित्सा झाली. नावेकडे मात्र कोणी फारसे वळून पाहिले नाही. दान दिलेले शेत राहते, खोदलेले लेणेही राहते. दान दिलेली नाव मात्र दुसऱ्या दिवसापासून गळू लागते. तिच्यातील पाणी रोज कोणी तरी काढावे लागते, आणि ते काम ज्याच्या हातून होई त्याचे नाव कोणत्याही लेखात नाही. त्याच्या हातातील साधनाचे नाव मात्र भाषेने राखून ठेवले आहे. प्रस्तुत टिपणात त्या नावाचा व त्याच्या जागी पुढे आलेल्या नावांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

अमरकोशाच्या वारिवर्गात नाव, वल्हे, सुकाणू यांच्याजवळच ‘सेकपात्र’ आणि ‘सेचन’ हे दोन पर्याय नोंदलेले आहेत. अर्थ एकच : नावेतील पाणी बाहेर टाकण्याचे पात्र. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ‘सिच्’ या धातूचा सर्वपरिचित अर्थ पाणी घालणे हा आहे. नावेत शिरल्यावर तोच धातू पाणी काढणे या अर्थी उभा राहतो. धम्मपदाच्या ३६९ व्या गाथेत भिक्षूला आपली नाव उपसून हलकी करण्यास सांगितले आहे, तेथेही क्रियापद याच धातूचे आहे. मराठीत प्राकृत ‘सिंप’वरून आलेले ‘शिंपणे’ पाणी घालण्यापुरतेच उरले, आणि काढण्याचे काम ‘उपसणे’ या क्रियापदाकडे गेले. विहीर उपसतात, गाळ उपसतात, तशीच होडीही उपसतात.

सेकपात्राचा एक मोठा गुण म्हणजे त्यात बिघडण्यासारखे काही नसते. परंतु त्याची मर्यादाही उघड आहे. उघड्या होडीत तळाचे पाणी हाताशी असते. वर तक्तपोशी, खाली मालाच्या राशी आणि त्यांच्याही खाली पाणी, अशी जहाजाची रचना झाली की पात्र तेथवर पोचत नाही. मग तळापर्यंत नळी सोडून पाणी वर ओढावे लागते. पोर्तुगीज जहाजांवर या यंत्रास ‘बोंबा’ म्हणत. पोकळ केलेल्या लाकडाची उभी नळी, तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या, त्या दट्ट्यावर चामड्याची झडप आणि नळीच्या बुडाशी दुसरी झडप, एवढीच त्याची घडण. दट्ट्या वर गेला की खालची झडप उघडते व पाणी नळीत चढते. खाली आला की तीच झडप मिटते आणि वरची उघडते.

एवढ्या साध्या यंत्राचे दोषही मोजकेच असतात. चामडे सुकून आकसते, नळीला फट पडून ती पाण्याऐवजी हवा ओढते, किंवा बुडाचे तोंड चोंदते. यांतील तिसऱ्या दोषाने मलबारच्या व्यापाराच्या इतिहासात जे काम केले ते विलक्षण होते. बेर्नार्दु गोमिश द ब्रितु याने १७३५-३६ मध्ये लिस्बन येथे छापलेल्या जहाजबुडीच्या वृत्तांतांत मिरीने बंब चोंदल्याच्या हकीकती येतात. कोचीनहून निघून १५८९ साली आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘साँव तोमे’ या जहाजाचा दियोगु दु कोतु याने लिहिलेला वृत्तांत त्यांतीलच. मिरीच्या राशी फुटतात, दाणे पाण्याबरोबर तळाशी वाहत येतात आणि पाणी नळीच्या ज्या तोंडाकडे ओढले जाते तेथेच जाऊन बसतात. ज्या मालासाठी अर्धी पृथ्वी ओलांडावयाची, त्याच मालाने जहाजाचा श्वास कोंडावा, हे व्यापाराच्या जमाखर्चात न दिसणारे प्रकरण आहे. आजच्या लहान होडीच्या पंपाला जी जाळी लावतात, ती याच दोषावरचा उतारा होय. मिरीच्या जागी आता दोऱ्याचे तुकडे, रंगाचे पोपडे आणि प्लॅस्टिक आले, एवढाच फरक.

‘बोंबा’ मराठीत ‘बंब’ झाला. मॉन्सिन्योर दालगादो यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाविषयीच्या कोशात या शब्दाची गणना केली आहे. अंत्य स्वर गळाला, स्त्रीलिंगी शब्द पुंल्लिंगी झाला आणि ओकाराचा अकार झाला. मराठीत ‘बोंब’ हा निराळ्याच अर्थाचा शब्द आधीपासून रूढ असल्यामुळे या शेवटच्या बदलास मदत झाली असावी, असा माझा तर्क आहे. यापलीकडे त्याला आधार नाही. ‘बंब’ एकटा आला नाही, हे अधिक महत्त्वाचे. ‘बाल्दि’वरून बालदी आली व वर्णविपर्ययाने तिची बादली झाली. ‘पीपा’पासून पिंप, ‘गामेला’पासून घमेले आणि ‘शाव्ही’पासून चावी आली, ही चावी पुढे नळालाही बसली. पाणी भरणे, साठविणे, उपसणे व रोखणे यांसाठी मराठी माणसाने रोजच्या वापरात घेतलेले हे शब्द एकाच दर्यावर्दी लोकांकडून यावेत, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. ते सगळे जहाजावरूनच उतरले असा दावा मात्र करणे योग्य नव्हे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या दोन शतकांत घर, बाजार, चर्च आणि गोदी असे अनेक दरवाजे उघडे होते. गोदीचा दरवाजा किती रुंद होता याची कल्पना १६५९ च्या घटनेवरून येते. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या बाजूस जहाजबांधणीस आरंभ केला, तेव्हा रुई लैतांव व्हिएगश याच्या हाताखालील पोर्तुगीज कारागीर त्या कामावर होते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना तेथून काढून नेले. माणसे गेली तरी हत्यारांची नावे मागे राहतात. खलाशांच्या लश्करी बोलीचा कॅप्टन रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यास जो कोश केला, त्याने या मिश्रणाची साक्ष मिळते.

पुढे बंबाने जहाज सोडले. पाणी फेकणारे यंत्र म्हणून तो आग विझविण्याच्या गाडीला चिकटला. मलेशियात अग्निशामक दलाचे नाव आजही ‘बोंबा’ आहे. स्वाहिलीत त्याच शब्दाचा अर्थ नळ किंवा पंप असा राहिला. आपल्याकडे तो आणखी एक पायरी चढून न्हाणीघरात आला. तांब्याचा उभा पिंपासारखा घाट, मध्ये निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी व खाली तोटी, अशा पात्राला नाशिकच्या भांडीबाजारात बंबच म्हणतात. या बंबात दट्ट्या नाही, झडप नाही, आणि तो पाणी ओढतही नाही. साम्य आहे ते घाटाचे व नळीचे. दरम्यान इंग्रजीतून ‘पंप’ आला आणि बंबाची मूळ जागा त्याने घेतली.

म्हणजे नाम दोनदा बदलले. क्रियापद मात्र बदलले नाही, आणि माझ्या मते या शब्देतिहासातील खरा मुद्दा हाच आहे. लहान केबिनच्या होडीचे उदाहरण घ्यावे. तिच्यात पाण्याच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात : तळाचे पाणी बाहेर टाकणारी एक, आणि टाकीतील गोडे पाणी तोटीपर्यंत नेणारी दुसरी. सर्व तोट्या बंद असूनही गोड्या पाण्याचा पंप मधूनमधून आपोआप सुरू होत असेल, तर कोठे तरी पाणी झिरपते आहे किंवा पंपातील झडप नीट मिटत नाही. पंप चालतो पण पाणी येत नाही, तेव्हा टाकी रिकामी, जाळी तुंबलेली किंवा ओढीच्या नळीत हवा, यांपैकी एक कारण असते. आता कारागीर काय बोलतो ते ऐकावे. वायसर, वाल, पाइप, मोटर ही नामे परकी. परंतु वायसर ‘जातो’, वाल ‘धरत नाही’, पाइप ‘तुंबतो’, पंप ‘हवा धरतो’ आणि पाणी ‘उतरते’. यंत्र बाहेरून आले, पण त्याच्या दुखण्याचे निदान मराठीने स्वतःच्या क्रियापदांत केले.

नाशिकच्या विहिरींवरही हेच दिसते. समुद्रसपाटीस हवेचा दाब पाण्याला सुमारे १०.३ मीटरपर्यंत तोलून धरतो. नाशिकच्या उंचीवर ही मर्यादा साडेनऊ मीटरांच्या आसपास येते, आणि प्रत्यक्षात पंप त्याहून बराच आधी दमतो. त्यामुळे पाणी खोल गेले की काठावरचा पंप ‘पाणी सोडतो’. नळीच्या बुडाच्या झडपेला शेतकरी ‘फुटबॉल’ म्हणतात. ‘फूट व्हॉल्व्ह’चे हे लोकव्युत्पत्तीने झालेले रूप ऐकून हसणाऱ्यांनी बालदीची बादली कशी झाली ते आठवावे.

शासकीय परिभाषेने ‘पंपिंग’साठी ‘उदंचन’ हा शब्द योजला व तो ‘उदंचन केंद्र’ या रूपाने पाट्यांवर आला. संस्कृतात उदंचन म्हणजे विहिरीतून पाणी काढण्याचे पात्र. परिभाषाकार अशा रीतीने नकळत पुन्हा सेकपात्रापाशी येऊन पोचले! शब्द अशुद्ध नाही, व्युत्पत्तीही निर्दोष आहे. पण त्याच्यापासून बिघाडाचे एकही वाक्य निघत नाही. ‘उदंचाने हवा धरली’ असे त्या केंद्रातील माणूसही म्हणत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी व्यवसायबोलींचे शब्दसंग्रह हाती घेताना सुट्या भागांच्या नावांची यादी मागाहून करावी. प्रथम पंप दुरुस्त करणाऱ्याजवळ बसून, यंत्र बंद पडल्यावर तो कोणती वाक्ये बोलतो ती टिपून घ्यावीत.