मुंबईच्या बुजलेल्या विहिरी

धोबीतलावावर आज तलाव नाहीं, सी. पी. टँकवर टाकें नाहीं, आणि खाऱ्या तलावाचें नुसतें नांव उरलें आहे. गोवालिया टँक जेथें होता तेथें पुढें मैदान झालें, त्या मैदानावर 1942 च्या ऑगस्टांत ‘चले जाव’ची घोषणा झाली, आणि आतां तें ऑगस्ट क्रांति मैदान म्हणून ओळखलें जातें. गवळी ज्या पाण्यांत गुरें धूत तें पाणी आपल्या पायांखालीं गाडलें गेलें आहे, हें तेथें चेंडू खेळणाऱ्या मुलांस कोण सांगणार? मुंबईच्या नकाशावर पाण्याचीं अशीं नांवें जागोजाग विखुरलेलीं आढळतात. पाणी कां गेलें, आणि ज्यांनीं तें घालविलें त्यांचें चुकलें कीं नाहीं, याचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं.

मुंबई हा मूळचा सात बेटांचा पुंजका. चहूंकडे समुद्र, गोडी नदी अशी या बेटांवर एकही नाहीं. मात्र आकाशांतून पडणाऱ्या पाण्याची वाण कधींच नव्हती. चार महिन्यांत येथें 2,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हा पाऊस जेथें वाळूच्या थरांत मुरतो तेथें एक मौज घडते. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असल्यामुळें तें खाऱ्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसें, तरंगून राहतें. समुद्रकांठच्या जमिनींत गोडी विहीर लागते ती यामुळें. चर्चगेटजवळची भिखा बेहराम या पारशी गृहस्थाची 1725 सालची विहीर हें तिचें सुप्रसिद्ध उदाहरण होय. भाविकांस तो चमत्कार वाटला तर त्यांत नवल नाहीं. पण या सायीस एक अट आहे. वरचें गोडें पाणी हांवरेपणानें उपसलें कीं खालचें खारें पाणी वर चढतें, आणि एकदां मचूळ झालेली विहीर पुन्हां गोडी होण्यास पुष्कळ काळ लागतो. म्हणजे विहिरीच्या पाण्याचा जमाखर्च विहिरीतच लिहिलेला असे. घरांतील बाईस तो वाचतां येई. परवां दोराचे किती वेढे सोडावे लागले, आज किती लागले, यावरून चैत्र-वैशाख कसे जाणार याचा अंदाज ती बांधी. कपडे धुतलेलें पाणी अंगणांत, आणि अंगणांतलें केळीच्या आळ्यांत जाई. हंडा कमरेवर घेऊन ज्याला दोन जिने चढावे लागतात त्याला काटकसरीचें व्याख्यान द्यावें लागत नाहीं.

येथें थांबून जुन्या काळाचे गोडवे गाणें सोपें आहे, परंतु तें खरें होणार नाहीं. त्याच विहिरींच्या शेजारीं शौचकूप असत, त्याच तलावांत माणसें, गुरें आणि धुणीं एकत्र नांदत. पटकीची सांथ आली म्हणजे तिला घरोघर पोहोंचविण्याचें काम याच पाण्यानें केलें. पायऱ्यांच्या विहिरींतून नारू होई. पाण्यांत उतरून घागर भरणाराच्या पायांतील जंत दुसऱ्याच्या पोटांत जाई. ही व्याधि आपल्या देशांतून समूळ जाण्यास 1996 साल उजाडावें लागलें. शिवाय लोकवस्ती वाढूं लागली तशी ती साय पुरेना. 1854 ते 1856 या वर्षांत टंचाई इतकी झाली कीं गुरें शहराबाहेर माहीमकडे हांकून देण्यांत आलीं, आणि होड्यांतून व नव्यानेंच सुरू झालेल्या आगगाडीनें पाणी आणून विहिरींत ओतावें लागलें. विहिरींत बाहेरून पाणी ओतण्याची पाळी आली, तेव्हांच त्या व्यवस्थेचा शेवट जवळ आला होता.

हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअराच्या योजनेप्रमाणें मिठी नदीस बांध घालून विहार तलाव झाला, आणि 1860 सालीं त्याचें पाणी नळानें शहरांत आलें. गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ त्यानंतर तीन वर्षांनीं, 1863 सालीं, प्रसिद्ध झालें. विहिरी-तलावांची मुंबई आणि नळाची मुंबई यांच्या नेमक्या संधीवर तो ग्रंथ उभा आहे. पुढें 1879 सालीं तुळशी, 1892 सालीं तानसा. दर खेपेस शहराला वाटे कीं आतां चिंता मिटली, आणि दर खेपेस नळाची सवय नळाच्या पुरवठ्याच्या पुढें धांवे. आणखी एक विपरीत गोष्ट झाली. पाणी आंत आणण्याची जितकी तरतूद झाली तितकी तें बाहेर घालविण्याची झाली नाहीं. सांडलेलें पाणी जमिनींत मुरलें, तळमजले ओलावले, आणि शहराचा ताप वाढला.

हा तापच विहिरींच्या मुळावर आला. हिंवताप डांसांमुळें पसरतो हें रोनाल्ड रॉस यांच्या 1897 सालच्या शोधानें ठरल्यावर मुंबईंतील हिंवतापाची चौकशी डॉ. बेंटली यांजकडे सोंपविण्यांत आली. त्यांचा अहवाल 1911 सालचा. घरोघरच्या उघड्या विहिरींत ज्या जातीचा डांस अंडीं घालतो तोच शहरांतील हिंवतापाचें कारण आहे, असा त्यांचा निष्कर्ष, आणि तो शास्त्रदृष्ट्या बरोबर होता. म्युनिसिपालिटीनें विहिरी बुजविण्याच्या किंवा झांकण्याच्या नोटिसा काढल्या. लोकांनीं कडाडून विरोध केला. मौज अशी कीं हा विरोध काटकसरीच्या नांवानें झाला नाहीं. तो धर्माच्या नांवानें झाला. पारशांस अग्निमंदिरांतील विधींसाठीं विहिरीचेंच पाणी पाहिजे, हिंदूंस सोंवळ्यासाठीं नळाचें चालत नाहीं, असे अर्ज गेले. सुशिक्षितांस त्या वेळीं हा वेडगळपणा वाटला असल्यास नवल नाहीं. पण या भांडणांतून जी तडजोड निघाली ती अत्यंत शहाणपणाची होती: विहीर पक्की झांकावी, आणि पाणी काढण्यापुरतें बारीक तारेच्या जाळीचें दार ठेवावें. डांस आंत जाऊं नये, पोहरा मात्र जावा. हा उपाय सर्व विहिरींस लागू पडला असता. परंतु ज्यांच्या पाठीशीं देव उभा नव्हता त्या कितीएक विहिरी राडारोड्यानें भरून निघाल्या.

म्हणून माझ्या मतें डॉक्टरांस दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांनीं मलेरियाचा प्रश्न विचारला आणि मलेरियाचें उत्तर दिलें. पाण्याचा प्रश्न विचारण्याचें काम ज्यांचें होतें त्यांनीं तो विचारला नाहीं, कारण नळ चालू होता.

त्या नळाचें दुसरें टोंक हळूहळू लांब गेलें. शहराचे इंजिनिअर मोडक यांचें नांव असलेला वैतरणेवरचा मोडक सागर 1957 सालीं झाला; मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि 2014 सालीं मध्य वैतरणा. आज रोज साडेतीनशे कोटी लिटरांहून अधिक पाणी मुंबईस येतें, आणि त्याचा बहुतेक भाग ठाणें-नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतून. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यांत आहेत तेथील कितीएक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. विहीर आटली तर तें शेजारणीस दिसे. शहापुराची विहीर आटलेली गिरगांवांतून दिसत नाहीं.

मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींनीं पावसाचें पाणी सांठवावें असा नियम मुंबईंत 2002 सालीं झाला. म्हणजे ज्या शहरानें जमिनींत पाणी धरणारीं तोंडें बंद केलीं त्यासच तीं पुन्हां उघडण्याची सक्ति करावी लागली. जुन्या विहिरींपैकीं ज्या वांचल्या त्यांची सद्यःस्थिति चमत्कारिक आहे. कांहींवर पंप बसले आणि त्यांचें पाणी टँकरांतून विकलें जाऊं लागलें. एप्रिल 2025 मध्यें भूजलाच्या नियमांवरून टँकरवाल्यांनीं संप केला, तेव्हां पुष्कळ गृहसंस्थांस आपली खरी तहान प्रथमच आंकड्यांत मोजावी लागली. त्याच साली भिखा बेहराम यांच्या विहिरीस तीनशें वर्षें पूर्ण झालीं. तिच्याजवळच्या रस्त्यानें रोज लक्षावधि माणसें लोकल गांठावयास धांवतात. पारशी मात्र तेथें थांबतात, दिवा लावतात आणि तिचें पाणी पितात. तें अद्याप गोडें आहे.