आर्डमोरचा जनावरांचा डॉक्टर

आमच्या शेरूने मागच्या मार्चमध्ये खारीच्या मागे डेकवरून उडी मारली आणि मागच्या पायाचं नडगीचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन करून त्याला घरी आणलं तेव्हा हाडातून कातडीबाहेर आलेल्या सहा पिना आणि त्यांना बाहेरून जोडणारा एक दांडा, असा त्याचा अवतार होता. बायको म्हणाली, "याच्या पायावर टीव्हीचा अँटेना बसवलाय की काय?"

मी मेकॅनिकलचा माणूस. बायको शेरूकडे बघत होती आणि मी (लाज वाटते सांगायला) क्लँप्सकडे. सर्जनबाईंच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "हे असलं काम इथून जवळच, आर्डमोरला झालं होतं."

आर्डमोर! फिलाडेल्फियाला जाणारी माझी रोजची लोकल तिथे थांबते. बारा वर्षं मी त्या स्टेशनावर पेपरातून डोकं वर काढलेलं नाही.

पण आधी मोत्याबद्दल सांगतो. सांगलीकडच्या आमच्या गावी मी चौथीत असताना मोत्याचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली आला. मुंबईत परळला बैलघोड्याचं हॉस्पिटल १८८० च्या दशकापासून आहे, पण गावठी कुत्र्याला तिथवर कोण नेणार? गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून पाय छान बांधला. तिसऱ्या दिवशी मोत्याने सगळं चावून काढलं. पुन्हा बांधलं, पुन्हा काढलं. हाड जुळलं, पण वाकडं. पुढची नऊ वर्षं तो तीन पायांवर फिरला. अण्णा एवढंच म्हणाले, "मुक्या जनावराला पडून राहा म्हणून सांगायचं कसं?"

ऑटो स्टेडर या आर्डमोरच्या पशुवैद्याला १९३० च्या दशकात हाच प्रश्न पडला होता. प्लॅस्टर घालायचं तर मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा सांधा जखडावा लागतो. माणूस कुरकुर करत का होईना, सहन करतो. कुत्रा प्लॅस्टर भिजवतो, चावतो आणि वर त्याच पायावर उभा राहतो. स्टेडरने मग कुत्रा चालणार हे गृहीतच धरलं! हाडाच्या प्रत्येक तुकड्यात दोन पिना, त्याही एकमेकींशी कोन करून, म्हणजे सहजी उपसून येणार नाहीत. दोन्हीकडच्या पिना एकेका ठोकळ्यात पकडायच्या आणि ठोकळे आटे असलेल्या दांड्याने जोडायचे. दांडा फिरवला की तुकडे लांब होतात किंवा जवळ येतात. हाड बाहेरून स्क्रूने जुळवायचं आणि त्याच साधनाने तसंच धरून ठेवायचं. तंबूच्या दोऱ्या ताणायला आपण टर्नबकल वापरतो, त्याचाच हा भाऊबंद. सांधे मोकळे, आणि चालताना वजन पिनांतून दांड्यात आणि तिथून पुन्हा हाडात.

१९३७ मध्ये त्याने पशुवैद्यकाच्या एका नियतकालिकात याची छोटीशी 'प्राथमिक' माहिती दिली. ती युक्ती न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमधल्या लुइस आणि ब्रायडनबाख या सर्जनांनी उचलली आणि माणसांवर वापरली. माणसांच्या सर्जरीच्या एका नामांकित मासिकात १९४२ साली या दोघांचा लेख आला, त्यात तिसरं नाव स्टेडरचं होतं. कुत्र्यांच्या डॉक्टरचं! मला हे फार आवडलं. तोवर अमेरिका युद्धात उतरली होती. मांडी मोडलेल्या माणसाला वजनं टांगून आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवायची तेव्हा रीत होती. डोलणाऱ्या जहाजावर ते कसं जमायचं? नौदलाने स्टेडरची पट्टी उचलून धरली. नौदलाच्याच शार आणि क्रॉइट्झ या डॉक्टरांनी १९४३ मध्ये हाडं अशी बाहेरून धरून ठेवण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

कल्पना अगदी नवी होती असं नाही. डेन्व्हरच्या पार्कहिलने १८९७ मध्ये आणि बेल्जियमच्या लँबॉटने १९०२ मध्ये माणसांवर असे प्रयोग केले होते. आणि त्याआधीची देवाणघेवाण उलट्या दिशेचीही आहे. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसची लोखंडी पट्टी पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या हजारो सैनिकांना वाचवून गेली. पुढे तिचाच एक अवतार बॉस्टनच्या जनावरांच्या इस्पितळात श्रोडरने कुत्र्यांसाठी केला. गंमत म्हणजे हा थॉमस वेल्सच्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. आमच्या गावच्या वैद्यबुवांना हे सांगायला हवं होतं.

युद्ध संपल्यावर मात्र माणसांच्या डॉक्टरांचा उत्साह ओसरला. पिनांच्या भोकांतून जंतू शिरत, पिना सैल होत, हाडं लवकर जुळत नसत. १९५० मध्ये अमेरिकन हाडांच्या सर्जनांच्या समितीने आढावा घेतला, तोवर बऱ्याच जणांनी हे साधन सोडूनच दिलं होतं. पशुवैद्यांना ही चैन परवडणारी नव्हती, त्यांचे पेशंट तेव्हाही प्लॅस्टर चावतच होते! सिअ‍ॅटलच्या एमरने साधन सोपं केलं आणि ते किर्शनर-एमर या नावाने पुढची कित्येक दशकं कुत्र्यामांजरांवर चालत राहिलं. माणसांकडे ही पद्धत जोमाने परतली ती १९७० च्या दशकात.

असो. शेरूचे दिवस सांगायला सोपे, काढायला अवघड. पिंजरा, गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं, लघवीला दोरी बांधूनच बाहेर. रोज पिनांच्या मुळाशी आलेली खपली मी सलाइनने पुसायचो. दुसऱ्या आठवड्यात एका पिनेभोवती पू दिसला. त्या रात्री स्टेडरचं कौतुक बाजूला राहिलं आणि मला मोत्या आठवत राहिला. अँटिबायोटिकने निभावलं.

सातव्या आठवड्यात एक्सरे बघून बाईंनी मधल्या दोन पिना काढल्या. मी दचकलो. चांगली घट्ट चौकट सैल का करायची? तर म्हणे, सगळा भार चौकटच घेत राहिली तर हाड आळशी होतं. अकराव्या आठवड्यात उरलेलं सगळं निघालं.

सहाही पिना मी मागून घेतल्या. गॅरेजमध्ये नटबोल्टच्या डब्यात आहेत. शेरू जिना उतरताना तो पाय अजून जरा जपूनच टाकतो. खार दिसली की मात्र विसरतो, म्हणून डेकला आता जाळी लावली आहे.