‘रन’ म्हणजे ‘धावा’? एका शब्दाचे ६४५ अर्थ

आजचा एपिसोड एका बटणापासून सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी मी छोट्या दुकानदारांसाठीच्या एका हिशोबाच्या ॲपवर काम करत होतो. ॲप मराठीत आणायचं ठरलं. आमच्या हातात काय होतं, तर एक एक्सेल शीट. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. कुठला शब्द कुठल्या स्क्रीनवर दिसणार, याचा काही पत्ता नाही. त्यात एका ओळीत नुसतंच ‘रन’ लिहिलेलं. भाषांतर होऊन आलं ‘धावा’. बटण दाबल्यावर रिपोर्ट येतोय एवढं मी बघितलं आणि पुढे गेलो.

महिन्याभराने मावशीचा फोन. तिचं सांगलीला किराणा दुकान आहे. “अरे, तुझं ॲप मला धावा म्हणतंय. या गुडघ्यांनी मी कुठे धावू?” दोघंही हसलो. मग कळलं, तिला ती क्रिकेटच्या स्कोअरची जाहिरात वाटली होती. म्हणून तिने ते बटण कधी दाबलंच नव्हतं. सगळी उधारी ॲपमध्ये भरूनसुद्धा महिन्याची बेरीज तिने रात्री अकरापर्यंत वहीत केली होती.

आता मला हसू येईना. म्हटलं, या ‘रन’चा एकदा छडाच लावू.

इंग्रजीतला सगळ्यात मोठा ऐतिहासिक शब्दकोश म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती. क्रियापद म्हणून जवळजवळ ४३० अर्थ! नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ हातात घेतला. या एका शब्दाला त्यांना नऊ महिने लागले. २०११ मध्ये आकडा समोर आला : ६४५ अर्थ. तेही फक्त क्रियापदाचे. क्रिकेटमधली ‘रन’ म्हणजे नाम, तिचा हिशोब वेगळा.

आता प्रश्न असा, की हे अर्थ मोजतात कसे? कोणी विद्वान खुर्चीत बसून ठरवतो का? नाही, आणि गंमत इथेच आहे.

या कोशाची कल्पना १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत पुढे आली. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले. त्यांनी वाचकांनाच जाहीर आवाहन केलं, की पुस्तकं वाचा आणि शब्द वापरलेलं वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवा. सोबत पुस्तकाचं नाव आणि साल. पत्र्याच्या शेडमध्ये बसून मरे आणि त्यांचे सहकारी त्या चिठ्ठ्या लावायचे. टपाल इतकं असायचं, की ऑक्सफर्डला त्यांच्या घराबाहेर खास टपालपेटी बसवली गेली. दहा वर्षांत संपेल म्हणून धरलेलं काम १९२८ मध्ये संपलं. मरे १९१५ मध्येच गेले. पण पद्धत तीच राहिली : लोक शब्द कसा वापरतात ते आधी बघायचं, अर्थ मग लिहायचा. म्हणजे एक प्रकारे जुन्या काळातलं क्राउडसोर्सिंगच!

‘रन’च्या मुळाशी नुसतं पाय उचलून पळणं नाही, वाहणंही आहे. म्हणून इंग्रजीत नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो आणि सर्दी झाली की नाकही. मग कारखाने आले, रेल्वे आली. यंत्र ‘रन’ होऊ लागलं, गाडी ठरलेल्या वेळेवर ‘रन’ होऊ लागली. यंत्रयुगाने या शब्दाला एवढा मोठा केला, असं लेखक सायमन विंचेस्टर यांनी मांडलंय. शेवटी आम्ही प्रोग्रॅमर आलो आणि कोड ‘रन’ करायला लागलो.

घाबरलेले ठेवीदार एकदम पैसे काढायला गेले, की त्याला ‘बँक रन’ म्हणतात. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर अशाच रांगा लागल्या होत्या. पण ९ मार्च २०२३ला अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायचा प्रयत्न झाला, तो मुख्यतः फोन आणि कॉम्प्युटरवरून. दुसऱ्या दिवशी बँक बंद. फारसं कोणी पळालं नाही, तरी नाव ‘रन’च.

निवडणुकीचं बघा. अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो. आपल्याकडेही उमेदवार उभाच राहतो. एकाच इंग्रजीत एक पळतोय आणि एक उभा आहे, आणि काम दोघांचं एकच!

मग मराठीत ‘रन’चं काम कोण करतं? बऱ्याच ठिकाणी ‘चालणं’. इंग्रजांचं मशीन पळतं, आपलं चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, संसार चालतो, कोर्टात केस चालते. आणि आपलं लाडकं “चालेल!”, ज्यात कोणी जागचं हलतही नाही.

योगायोग बघा, १८५७ मध्येच मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पुढे दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला. म्हणजे आपल्याकडेही हे काम झालंय. माझ्या एक्सेल शीटपर्यंत ते पोचलं नव्हतं, एवढंच.

तर मी हुशारीने मावशीला फोन केला. “मावशी, ‘धावा’च्या जागी ‘चालवा’ टाकू का?”

ती म्हणाली, “रिपोर्ट कोणी चालवतं का रे? रिपोर्ट काढतात.”

बस. काढतात! फोटो काढतात, कर्ज काढतात, आठवण काढतात, वाईट दिवस काढतात, तसाच रिपोर्टही काढतात. आम्ही शीटसमोर बसून जे शोधत होतो, ते रोज दुकान चालवणारी बाई एका सेकंदात बोलून गेली. मरेंच्या शेडमध्ये टपालाने यायची तशीच एक चिठ्ठी, फक्त फोनवरून आलेली.

पुढच्या अपडेटमध्ये बटण बदललं : ‘रिपोर्ट काढा’. मावशीने पहिल्याच दिवशी दाबलं. वही अजून गल्ल्याशेजारी आहे, पण बेरीज आता ॲप करतं.

तुमच्या फोनमध्ये असं ‘धावा’छाप मराठी दिसलं, तर स्क्रीनशॉट काढून त्या ॲपवाल्यांना नक्की पाठवा. सोबत तुमच्या घरी त्याला काय म्हणतात, तेही लिहा. पुढच्या भागात भेटूच!