आजोबांच्या बंदुकीची जन्मखूण

आर्वीच्या घरातली दुनळी बंदूक आमच्या बहुतेक नातेवाइकांनी पाहिलेली आहे. ती 'लंडनची' आहे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आजोबा मालगुजार. १८७८ च्या हत्यार कायद्यानंतर बंदुकीचा परवाना म्हणजे मोठा मान. शिवाय दोन नळ्यांमधल्या पट्टीवर इंग्रजीत 'लंडन फाइन ट्विस्ट' कोरलेले. आणखी पुरावा कशाला हवा?

गेल्या वर्षी थोरले बंधू गेले. परवानाधारक गेला की बंदूक जमा करावी लागते. पण पुतण्या म्हणाला, "काका, मी माझ्या नावाने परवाना काढतो. रानडुकरांनी तूर ठेवली नाही." म्हटलं, जमा करण्याआधी एकदा नीट पाहू तरी. भिंग घेऊन बसलो.

पुढचे लाकूड काढले, नळ्या सुट्या केल्या. त्यांच्या खालच्या सपाट भागावर इवलेइवले शिक्के होते. एका लंबगोलात ई एल जी ही अक्षरे, खाली तारा, वर मुकुट. नातवाने इंटरनेटवरून चित्रे शोधून दिली आणि आजोबांचे लंडन गेले! हा शिक्का बेल्जियममधल्या लिएज शहराचा. त्यावर मुकुट आला १८९३ मध्ये, म्हणजे बंदूक त्यानंतरची. आणि 'लंडन फाइन ट्विस्ट' हा गावाचा पत्ता नव्हेच, नळीच्या घडणीचा प्रकार. लोखंडी पट्टी सळईभोवती गुंडाळायची, तापवून ठोकून एकजीव करायची, की झाली नळी.

हे शिक्के म्हणजे परीक्षेचा निकाल. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. नळी फुटली नाही, फुगली नाही, तर शिक्का. लंडनच्या बंदूककारांना सनद मिळाली १६३७ मध्ये, लिएजमध्ये चाचणी सुरू झाली १६७२ मध्ये, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने आले. पेपर लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे मला मास्तर म्हणून फार पटले.

शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत १२ होते. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर एक गोळी जेवढी जाड, तेवढी नळी रुंद. ही झाली बाराबोअर.

पण परीक्षा कुठल्या दारूची? पूर्वी सगळी काळी दारू. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने धूर न करणारी दारू काढली. तिचा दाब जास्त, म्हणून तिची परीक्षा वेगळी आणि लिएजचा शिक्काही वेगळा: सिंह आणि खाली पी व्ही. तो मी चारदा शोधला. नाही सापडला. आणि बंधू चाळीस वर्षे तिच्यात खडकीची नवी काडतुसे घालत होते! बारा नंबरचे काडतूस बसते ना, मग चालते, एवढाच हिशोब. दसऱ्याला बार काढताना मी त्यांच्या खांद्याशी उभा असे, कडेवर कधी हाच पुतण्या.

मी भिंग पुतण्याच्या हाती दिले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "कुंपणच घालतो."

ठाण्यात हवालदाराने नोंद केली, 'दुनळी, १२ बोअर, विलायती'. मी म्हटलं, बेल्जियमची लिहा.

"सर, बेल्जियम विलायतेतच येते नं जी?"

मी सही केली.