अर्ध्या भिंतीची कुळकथा

कार्यालयात माझ्या आणि शेजारच्या बाईंच्या मध्ये एक पार्टिशन आहे. कापडाने मढवलेलं, बसल्यावर डोकं झाकेल एवढ्या उंचीचं. त्यापलीकडच्या बाई मला दिसत नाहीत, पण ऐकू सगळं येतं. त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून त्यांच्या आईच्या गोळ्यांच्या वेळा मला पाठ झाल्या आहेत. त्या वेळा मी कधी विचारल्या नव्हत्या आणि त्यांनीही सांगितल्या नव्हत्या. तेव्हापासून हे पार्टिशन मुळात कुणी आणि कशासाठी उभं केलं, हे शोधायचं मनात होतं.

आधी नाव पाहू. क्युबिकल या शब्दाचं मूळ लॅटिन ‘कुबिकुलुम’मध्ये आहे. ‘कुबारे’ म्हणजे आडवं होणं, आणि कुबिकुलुम म्हणजे निजायची खोली. रोमन घरात अगदी जवळच्या माणसालाच तिथवर प्रवेश असे. पुढे इंग्लंडमधल्या निवासी शाळांत मुलांच्या खाटांभोवती आडोसे करत, त्यांनाही हेच नाव पडलं. ज्या शब्दाच्या पोटात एवढा खासगीपणा होता, तो कचेरीत आला विसाव्या शतकात.

त्याआधीच्या मोठ्या कचेऱ्यांत कारकुनांना बहुधा आडोसा नसे. अमेरिकेत बफेलो इथे फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेली लार्किन कंपनीची इमारत १९०६ साली उघडली. तिथे मधल्या उंच, उजेडाच्या चौकात कारकून रांगेने बसत आणि वरच्या सज्जांतून सगळे दिसत. साहेबाची नजर सर्वांवर राहावी, हा त्या काळच्या कचेऱ्यांचा हिशोब. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत, हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्नमध्ये, एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी रांगा मोडल्या. ज्यांचं एकमेकांशी काम पडतं त्यांची टेबलं जवळ, मध्ये झाडांच्या कुंड्या, आणि आवाज मुरावा म्हणून खाली गालिचा. भिंती मात्र त्यांनीही दिल्या नाहीत.

ती भिंत दिली रॉबर्ट प्रोप्स्ट यांनी, आणि या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीच्या संशोधन विभागाचं काम त्यांनी १९६० पासून मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरमध्ये चालवलं. माणसं कचेरीत कशी बसतात, कधी उठतात, कागद कुठे ठेवतात, कशाने चित्त मोडतं, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यातून १९६४ साली ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ हा संच आला. त्याची रचना जॉर्ज नेल्सन यांची. त्यात उभं राहून काम करायचं डेस्क होतं, आणि बोलणं इतरांच्या कानी पडू नये म्हणून फोनसाठी आवाज अडवणारा वेगळा आडोसाही होता. साठ वर्षांपूर्वी कुणाला शेजाऱ्याच्या कानाची एवढी काळजी वाटली होती! संच महाग होता, फारसा खपला नाही. १९६८ साली दुसरा संच आला. कमीजास्त उंचीच्या, हलवता येणाऱ्या फळ्या, १२० अंशांच्या मोकळ्या कोनात जोडलेल्या. माणसाला पाठीमागे आधार मिळावा आणि समोर वाट मोकळी राहावी, ही त्यामागची कल्पना.

खप झाला तो याच संचाचा, आणि तिथेच तो बिघडला. अमेरिकेत करांचे नियम असे होते की पक्क्या भिंतींपेक्षा फर्निचरचा घसारा लवकर वजा करता येई. कंपन्यांनी १२० अंशांचे कोन ९० वर आणले, कारण चौकोन एकमेकांना चिकटवले की तेवढ्याच जागेत जास्त माणसं मावतात. नेल्सन यांनी १९७० सालीच कंपनीला पत्र लिहून बजावलं होतं, की ही रचना माणसं कोंबणाऱ्यांच्या सोयीची आहे, माणसांच्या नव्हे. प्रोप्स्ट २००० साली वारले. आपल्या कल्पनेचं जे झालं त्याबद्दल अखेरच्या काळात त्यांनी उघडपणे खंत व्यक्त केली होती.

आपल्याकडे अर्धी भिंत वेगळ्या वाटेने आली होती. गोदरेजची लोखंडी कपाटं बनायला लागली १९२३ पासून. सरकारी कचेऱ्यांत ती ओळीने उभी करून एका दालनाचे दोन विभाग केलेले आजही दिसतात. कपाटापलीकडून कुणी फाइल मागावी आणि अलीकडून कुणी ‘आणतो’ म्हणावं, हे मी लहानपणी वडिलांच्या कचेरीत ऐकलं आहे. आता हिंजवडीत किंवा ऐरोलीत काम करणाऱ्यांच्या नशिबी पुष्कळदा ती फळीही नसते, नुसतं लांबलचक टेबल असतं.

भिंत काढली की माणसं जास्त बोलतात, असं ही टेबलं मांडणारे सांगतात. मोजणी मात्र उलट सांगते. ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत भिंती काढण्याआधी आणि नंतर मोजणी केली. २०१८ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१० सालचा, कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग. दोघांचं पूर्ण संभाषण कानावर पडलं तर काम फारसं बिघडत नाही. फोनवरच्या एकाचीच बाजू ऐकू आली की बिघडतं. पलीकडचा काय म्हणाला असेल याचा अंदाज मेंदू बांधत राहतो, आपल्याला नको असलं तरी. म्हणजे शेजारच्या बाईंकडे लक्ष जातं ते मी चोंबडा आहे म्हणून नव्हे, आणि त्या बोलतात यात त्यांचाही दोष नाही. आजारी आईला कुणीतरी गोळ्यांची आठवण करायलाच हवी. प्रोप्स्ट यांच्या पहिल्या संचातला तो फोनचा आडोसा आम्हा दोघांनाही मिळायला हवा होता.

तो मिळेपर्यंत तो आपणच एकमेकांना द्यायचा आहे. मी सुरुवात केली आहे. घरचा फोन आला की उठून जिन्यापाशी जातो. बाईंना एकदा हे सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘अहो, मग मलाही सांगायचं ना आधी!’ आता त्याही जातात. तुमच्या कचेरीतही जिना असेलच. पुढचा फोन तिथे घ्या.