ध्रुव डाव्या हाताला

तारीख 19 जुलै 2012, पहाटेचे तीन. आदल्या दिवशी राजेश खन्ना गेले आणि रात्री उशिरापर्यंत घरोघरच्या टीव्हीवर त्यांचीच गाणी चालू होती. आषाढ अमावस्या आहे. बाहेर पुण्याचा पाऊस, आत टेबलावर तुमचा संगणक, कानात हेडफोन, आणि समोरचा पडदा काळा ठिक्कर. संगणक बिघडलेला नाही. तुम्ही नुकतेच चेर्नारूसच्या किनाऱ्यावर उतरला आहात आणि तिथे रात्रीचे साडेअकरा वाजलेत.

खेळाचं नाव ‘डे-झी’. ‘आर्मा 2’ या 2009 च्या लष्करी खेळावर चढवलेला हा मॉड, वय जेमतेम काही महिन्यांचं. करणारा डीन हॉल हा न्यूझीलंडचा सैनिक. लष्कराच्या प्रशिक्षणात ब्रुनेईच्या जंगलात उपाशीपोटी तग धरताना जे सोसलं, त्यातून ही कल्पना सुचली असं तो सांगतो. गोष्ट अशी काही नाहीच. देशभर झॉम्बी फिरतायत, तुम्ही जिवंत आहात, आणि एकदा मेलात की जमवलेलं सगळं गेलं. पुन्हा रिकाम्या हाताने किनाऱ्यावर. पाठीवरच्या पिशवीत मलमपट्टी, वेदनाशामक गोळ्या, एक टॉर्च. शस्त्र नाही. इतर खेळांत कोपऱ्यात छोटा नकाशा आणि तुमचा बाण असतो, तो इथे नाही. नकाशा, होकायंत्र, घड्याळ या वस्तू आहेत. कुठल्यातरी घरात पडलेल्या असतील, शोधा आणि घ्या.

त्यात या खेळाचे सर्व्हर आपापल्या देशाच्या घड्याळावर चालतात, आणि तुमचा सर्व्हर जर्मनीतला. संध्याकाळी सातला बसला असतात तर जर्मनीच्या सर्व्हरवर दुपारचे साडेतीन असते, लख्ख ऊन. पण तुमचा मित्र दुसरी पाळी करून, जेवून, थोडा पडून मग येतो, त्यामुळे तुमच्या नशिबी कायम तिथली रात्र. पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या वर. तक्रार कुणाकडे करणार?

आता गॅमा वाढवायचा मोह होईल. सेटिंगमधल्या दोन पट्ट्या टोकाला नेल्या की काळ्याचं राखाडी होतं आणि झाडांचे बुंधे तरी कळतात. बरेच जण हे करतात. करू नका. कुणी पकडणार नाही, पण मग दिवसाच खेळावं.

त्यापेक्षा माउस पुढे ढकला आणि मान वर करा.

आर्माचं आकाश शोभेचं नाही. तारे आपापल्या जागी आहेत, चंद्राची कला तारखेप्रमाणे बदलते. आज आपली अमावस्या ती तिथलीही. म्हणून तर काजळी एवढी, आणि म्हणूनच तारेही एवढे. सप्तर्षी सापडले? चौकोन खाली, शेपटी वर, असे कलंडलेले आहेत. चौकोनातले शेपटीपासून लांबचे दोन तारे घ्या, पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढा आणि तशीच पुढे न्या, त्या दोघांमधल्या अंतराच्या साधारण पाचपट. तिथे एकटाच, फारसा तेजस्वी नसलेला तारा दिसतो तो ध्रुव. पुण्याच्या सवयीने खाली शोधत बसू नका. पुण्यात तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, बहुतेकांच्या सोसायटीमागेच दडलेला. इथे बराच वर आहे.

कारण हा मुलुख उत्तरेचा. चेर्नारूस नावाचा देश नाही, पण जमीन खरी आहे. बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीने आपल्याच देशातल्या उस्ती नाद लाबेमच्या आसपासचे डोंगर, रानं, गावं मोजूनमापून 225 चौरस किलोमीटरचा हा पट मांडला. खऱ्या मुलुखात एल्बे नदी वाहते. चेक देशाला समुद्र नाही, तो कंपनीने पदरचा दिला आणि नकाशाच्या दक्षिणेला व पूर्वेला ठेवला. एवढं पक्कं ध्यानात ठेवा. आज रात्री तुमचा जीव त्यावर अवलंबून आहे.

हेडफोनमध्ये मित्र येतो.

“आलास का रे?”

“आलोय. डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाहीये.”

“समुद्र कुठल्या हाताला?”

तुम्ही थांबता. लाटांचा आवाज उजव्या कानात जास्त आहे. तसं सांगता.

“मग उत्तरेला तोंड आहे तुझं. पूर्वेच्या किनाऱ्यावर पडलायस, लांब आहेस. मी एलेक्ट्रोत, फायर स्टेशनला आहे.”

“थांब. ध्रुव डाव्या हाताला दिसतोय.”

पलीकडे शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

“अरे, मग पूर्वेला बघतोयस तू! दक्षिण किनारा. इथेच आहेस कुठेतरी.”

हा घोळ चेर्नारूसमध्ये रोज होतो. पूर्व किनाऱ्यावर उत्तरेला चाललात तरी समुद्र उजवीकडे, दक्षिण किनाऱ्यावर पूर्वेला चाललात तरी उजवीकडेच. नुसत्या लाटा ऐकून सांगता येत नाही. लाट आणि तारा दोन्ही लागतात. तुम्हाला आता किनारा कळला, दिशा कळली. एलेक्ट्रो, म्हणजे नकाशावरचं एलेक्ट्रोझावोद्स्क, पुढे आहे की मागे, हे मात्र अजून कुणालाच माहीत नाही.

तोंड आहे तिकडेच निघा. किनाऱ्याला धरून रेल्वेचे रूळ जातात, ते पायाखाली घ्या. पळू नका. पडद्याच्या कडेला एक कान आणि एक डोळा अशी दोन चिन्हं आहेत. तुमचा आवाज किती लांब जातोय आणि तुम्ही किती दिसताय, हे ती सांगतात. पळालात की कान मोठा होतो. वाकून चाललात की वेळ लागतो, पण दोन्ही आवाक्यात राहतात. अंधाराचा हा फायदा नवशिक्याच्या लक्षात येत नाही. तुम्हाला दिसत नाही म्हणून तुम्ही रडताय, तेव्हा झॉम्बीलाही तुम्ही नीट दिसत नसता.

थोड्या वेळाने आकाश भरून येतं. आधी शेपटी जाते, मग चौकोन, मग ध्रुव. बाहेर पुण्यात तर तारा दिसण्याचा प्रश्नच नव्हता, पण इथल्या ताऱ्यावर तुमची भिस्त होती. आता फक्त रूळ उरले. रूळ सोडून आडवाटेने रानात शिरलात तर चक्कर मारून कुठे बाहेर पडाल याचा नेम नाही. सगळी झाडं एकाच रंगाची, आणि तो रंग काळा. म्हणून मूठभर अक्कल असलेला माणूस रूळ सोडत नाही. मूठभर अक्कल असलेले बंदूकवालेही हे जाणून रुळांवरच नजर ठेवतात, ती गोष्ट वेगळी.

उजवीकडे समुद्र, डावीकडे चढ. मग समोर काहीतरी चौकोनी, आकाशापेक्षा किंचित जास्त काळं. गावाची पाटी.

पाटी वाचायची तर उजेड हवा. एल दाबला की टॉर्च लागते. टॉर्च तुम्हाला दहा पावलं दाखवते आणि अख्ख्या किनाऱ्याला तुम्ही दिसता. पाटीच्या अगदी पुढ्यात जा, पाठ समुद्राकडे करा, श्वास घ्या आणि एल. एक, दोन, बंद.

एवढ्यात जे दिसलं ते आता अंधारात बसून वाचायचं. चेर्नारूसमधल्या पाट्या रशियन लिपीत आहेत आणि दक्षिण किनाऱ्यावर जगायचं तर ती थोडीफार यावी लागते. चारच्या इंग्रजी आकड्यासारख्या अक्षराने सुरू झाली तर चेर्नोगोर्स्क, खेळाडूंचं चेर्नो. उलट्या ‘ई’ने सुरू झाली तर एलेक्ट्रो. तुम्हाला दिसली ती यातली नव्हती. के, ए, एम ही ओळखीची अक्षरं, पुढे काहीतरी जोडअक्षरासारखं, मग तीन दातांच्या फणीसारखं एक. ते ‘श’. शेवटी ओ, बी, ओ. पण तो बी म्हणजे त्यांचा ‘व’.

“कामिशोवो,” तुम्ही कुजबुजता. घरात सगळे झोपलेत म्हणून, की झॉम्बी ऐकेल म्हणून, कोण जाणे.

“पुढे गेलास की! मागे फिर. दोनेक किलोमीटर. समुद्र डाव्या हाताला ठेव.”

मागे फिरता. आता सगळं उलट: लाटा डाव्या कानात, चढ उजवीकडे, आणि ढग फाटले की ध्रुवही उजवीकडेच असला पाहिजे. फाटत नाहीत.

वाटेत, रस्त्याच्या वळणावर, लाल उजेड दिसतो. कुणीतरी फ्लेअर पेटवून टाकलाय. त्या वर्तुळात एक माणूस बसलाय, पिशवीत खुडबुड करतोय. तुमची चाहूल लागली असावी, कारण तो उठतो आणि माइकवर विचारतो, “फ्रेंडली? फ्रेंडली?” आवाज कोवळा आहे, शाळकरी असेल. उत्तर देऊ नका. गवतात आडवे व्हा.

हे नीट बघण्यासारखं आहे. या खेळाचं इंजिन डोळ्याच्या बाहुलीची नक्कल करतं: जवळ प्रखर उजेड आला की बाकीचं दृश्य आणखी काळं करून टाकतं. म्हणजे फ्लेअरशेजारी बसलेल्या त्या मुलाला आपल्या लाल वर्तुळापलीकडे भिंत आहे असं दिसतंय. तुम्ही त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर आहात आणि त्याला ठाऊक नाही. डोंगरावर आणखी कुणी आहे तेही त्याला ठाऊक नाही. एकच बार. मुलगा पडतो, फ्लेअर जळत राहतो, आणि पडद्यावर अमुक एक मारला गेला अशी ओळ उमटते. बार ऐकून कुठूनतरी झॉम्बी धावत येतात, वेडीवाकडी वळणं घेत.

त्या गोंधळात तुम्ही निघा. गोळी मारणाऱ्याची नजर अजून त्या पिशवीवर आहे.

एलेक्ट्रो आलं हे आधी कळतं ते झॉम्बींच्या घोगऱ्या आवाजांवरून. शहर म्हटलं की ते दाटीने असतात. दोन घरांमधल्या बोळात एक अगदी समोर येतो आणि लागतो मागे. वरच्या कोपऱ्यात रक्ताचा आकडा दिसतो. पूर्ण असताना बारा हजार, आता नऊ हजार आठशे आणि घसरतोय. पट्टी बांधायला थांबायची ही वेळ नव्हे. उघडं दार दिसेल त्यात शिरा. घरात आले की हे झॉम्बी धावत नाहीत, चालतात. का, याला उत्तर नाही. मॉड अल्फा अवस्थेत आहे, असल्या खोड्या त्यात ढिगाने आहेत आणि खेळाडू त्यांवरच जगतात. मागच्या दाराने बाहेर पडा, मग पट्टी बांधा.

“पोचलो. कुठल्या इमारतीत आहेस?”

“मी दोनदा टॉर्च मारतो. बघ.”

“नको! डोंगरावर कोणीतरी आहे. एकाला मारला आत्ता.”

“मग काय करायचं?”

तुम्ही भिंतीला खेटून उभे राहता. मग त्याला सांगता की हातातली कुऱ्हाड जमिनीवर मार. खट्. थोडं थांबून पुन्हा खट्. दुसरा खट् उजव्या कानात जास्त आहे. तुम्ही वळता, मान सरळ झाली की दोन्ही कानांत सारखा येतो. नाकासमोर चालत राहा. एका दाराशी कुणीतरी वाकून उभं आहे, आणि तुमच्या कानात दोनदा हसू येतं: एकदा स्काइपवरून, एकदा खेळातून, किंचित उशिरा.

पुण्यात साडेचार वाजलेत. उजाडायला तिथे अजून तीन-चार तास आहेत. खेळात रात्र पुढे ढकलता येत नाही, ती काढावी लागते.

आता पुढचं सांगून टाकतो, कारण तुम्ही 2012 मध्येच बसला आहात आणि तुम्हाला ते माहीत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या मॉडचे खेळाडू दहा लाखांवर जातील. त्याच महिन्यात स्वतंत्र खेळाची घोषणा होईल; तो 16 डिसेंबर 2013 ला अर्धाकच्चा विकायला येईल आणि पुरा व्हायला 13 डिसेंबर 2018 उजाडेल. मधल्या काळात लोक अंधाराला कंटाळतील. खासगी सर्व्हरवाले रोजच्या रोज पौर्णिमा लावतील, काही जण रात्रच काढून टाकतील. त्यांचंही खरं आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाने तासभर काळा पडदा का बघावा? माझं मत मात्र उलटं आहे. झॉम्बींचे खेळ पैशाला पासरी आहेत. खेळाडूला ध्रुव शोधायला, परकी लिपी वाचायला आणि कानाने माणूस ओळखायला लावणारे खेळ फार थोडे झाले, आणि ते या खेळाने केलं ते केवळ रात्र खरीखुरी ठेवल्यामुळे.

आजच्या डे-झीत रात्र उजळ हवी की गडद, हे सर्व्हर चालवणारा एका आकड्याने ठरवतो आणि ती भराभर पुढेही सरकवू शकतो. त्यामुळे खेळायला बसणार असाल तर आधी सर्व्हरची माहिती वाचा, गडद रात्रीचा निवडा, आणि पहिल्या तासात टॉर्च लावू नका.